कोतवाल ते महापौर : काशीच्या नागरी कारभाराची शब्दसाधने

शहराच्या स्थानिक कारभाराचा इतिहास हा विषय सामान्यतः राज्यशास्त्राच्या वा प्रशासनाच्या अभ्यासकाकडे सोपवला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्याच्याकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. काशीपुरते त्याचे उत्तर असे देता येईल, की या शहरात कारभाराच्या संस्था जितक्या वेळा बदलल्या तितक्या वेळा त्यांचे शब्द बदलले नाहीत. नवी संस्था आली, तिचा कायदा आला, तिची कचेरी उभी राहिली. जुन्या संस्थेचा शब्द मात्र मागेच राहिला आणि त्याने दुसरा आश्रय शोधला. कधी तो देवाला चिकटला, कधी जातपंचायतीला, तर कधी ब्राह्मणभोजनाच्या निमंत्रणाला. परिणामी काशीविषयीच्या साहित्यकृतीत असा एखादा शब्द भेटला, की तो रूपक आहे, पुराण आहे की प्रशासन आहे, हे ठरवताना अभ्यासक अडखळतो. आणि बहुधा चुकीच्या बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काशीच्या नागरी कारभाराचा मागोवा घ्यावयाचा आहे. मराठी वाचकाला त्यात विशेष रस असण्याचे कारण ओघात स्पष्ट होईल.

भारतेंदु हरिश्चंद्र यांची ‘प्रेमजोगिनी’ ही १८७५ च्या सुमाराची अपूर्ण नाटिका हिंदीच्या अभ्यासकांना परिचित आहे. काशीतील निरनिराळ्या समाजांची शब्दचित्रे तीत आहेत, आणि तिचा चौथा गर्भांक बुभुक्षित दीक्षित नावाच्या एका महाराष्ट्रीय ब्राह्मणाच्या बैठकीत घडतो. तेथील पात्रे मोठ्या प्रमाणात मराठीत बोलतात. तीही हिंदीचे वळण लागलेली, काशीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली मराठी. एका हिंदी नाटककाराने परभाषेच्या बोलीरूपाची इतक्या जवळून घेतलेली ही नोंद मराठी भाषाभ्यासकांनी अद्याप पुरेशी वापरलेली नाही. या बैठकीत महाश नावाचा एक ‘कोतवाल’ येऊन दीक्षितांना हाक मारतो. कोतवाल म्हणजे निमंत्रण करणारा, असा खुलासा खुद्द नाटककारानेच रंगसूचनेत करून ठेवला आहे. हिंदी वाचकाला तो खुलासा आवश्यक वाटावा, हेच लक्षात घेण्याजोगे आहे. कोतवाल हा शब्द ऐकताच त्याच्या मनात पोलिसचौकी उभी राहणार, हे भारतेंदु जाणून होते. काशीच्या दक्षिणी ब्राह्मणांत मात्र या शब्दाला दुसरा अर्थ होता, आणि तो विनोदाने दिलेला नव्हता. भोजनास, वसंतपूजेस वा दक्षिणेच्या सभेस कोणाला बोलवावे आणि कोणाला वगळावे, हा त्या समाजात मानपानाचा, पंक्तीचा आणि उत्पन्नाचाही प्रश्न होता. घराघराची माहिती बाळगणे, पुकारा करणे आणि क्रम राखणे ही कामे जो करी, त्याला त्या समाजाने नगराच्या अधिकाऱ्याचेच पद दिले, असे मला वाटते.

कोतवालाच्या मूळ कर्तव्यांकडे पाहिले तर ही उपपत्ती ओढूनताणून आणलेली दिसणार नाही. अबुल फज्लच्या ‘आइन-इ-अकबरी’त कोतवालाची जी कामे सांगितली आहेत, त्यांत चोर पकडणे हे एकच काम नाही. घरांची व रस्त्यांची नोंद ठेवणे, प्रत्येक मोहल्ल्याला एक प्रमुख नेमणे, शेजाऱ्यांना परस्परांच्या साहाय्यास बांधून घेणे, मापे व वजने तपासणे, आल्यागेल्याची खबर ठेवणे अशी ती कामे आहेत. आजच्या भाषेत सांगायचे तर पोलीस, जनगणना, बाजार समिती आणि नगरपालिका यांचा तो एकत्रित पदाधिकारी होता. काशीत या पदाला आणखी एक परिमाण आहे. ‘काशीखंडा’त हरिकेश नावाच्या यक्षाला शिव दंडपाणी करतो, आणि काशीत कोणी राहावे व कोणी राहू नये याचा निर्णय त्याच्या हाती देतो, संभ्रम आणि विभ्रम हे त्याचे दोन साहाय्यक. काळभैरव तर आजही ‘काशीचा कोतवाल’ म्हणूनच ओळखला जातो. पुराणकाराने नगराची कल्पनाच अधिकारपदांच्या भाषेत केली होती; पुढे मुघल पदनामाने त्या जुन्या जागी सहज प्रवेश केला. फारसी परंपरेतून आलेला शब्द एका शैव देवतेचे बिरुद होतो, यात काशीला कधीच काही विसंगत वाटले नाही. या घटनेकडे केवळ ‘समन्वय’ म्हणून कौतुकाने पाहून चालणार नाही. शहराच्या व्यवस्थेची जबाबदारी अखेर कोणाची, हा प्रश्न तीत दडलेला आहे.

१७७५ साली अयोध्येच्या नवाबाने बनारसचा मुलूख कंपनीच्या स्वाधीन केला आणि १७८१ साली राजा चेतसिंहाचा उठाव झाला. त्यानंतर वॉरन हेस्टिंग्जने शहराचा न्याय व बंदोबस्त राजाकडून काढून घेऊन अली इब्राहीम खान या विद्वान अधिकाऱ्याकडे सोपवला. १७९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो या पदावर होता. काशीच्या नागरी कारभाराच्या इतिहासात या पुरुषाइतके चित्तवेधक व्यक्तिमत्त्व दुसरे नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ‘गुलज़ार-ए-इब्राहीम’ हा उर्दू कवींचा चरित्रकोश त्याच्या नावावर आहे. मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे पानिपतपर्यंतच्या मराठ्यांच्या युद्धांचा एक फारसी इतिहास त्याने लिहिला, आणि तो १७८६ च्या सुमारास काशीतच पूर्ण केला. दिवसा ज्याच्यासमोर दक्षिणी यात्रेकरूंच्या व पंडितांच्या तक्रारी येत, तोच न्यायाधीश रात्री भाऊसाहेबांच्या मोहिमेचे वर्णन लिहीत होता, अशी कल्पना केली तर ती वस्तुस्थितीपासून फार दूर जाणार नाही. १७८५ साली हेस्टिंग्जच्या आज्ञेने विश्वेश्वराच्या मंदिरासमोर नौबतखाना उभा राहिला, तोही त्याच्याच देखरेखीखाली. अहल्याबाई होळकरांनी ते मंदिर बांधून जेमतेम पाच वर्षे झाली होती.

पुढे हेस्टिंग्जवर इंग्लंडच्या संसदेत महाभियोग चालला, तेव्हा काशीच्या पंडितांनी त्याच्या बाजूने संस्कृतात प्रशस्तिपत्रे पाठवली. तीत नौबतखान्याचा उल्लेख आहे आणि अली इब्राहीम खानाच्या न्यायबुद्धीची स्तुतीही आहे. सह्या करणाऱ्यांत महाराष्ट्रीय पंडित पुष्कळ आहेत. या पत्रांना खुशामत म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु तुलनाकाराने हेही पाहावे, की एका मुसलमान दंडाधिकाऱ्याचा गौरव एका ख्रिस्ती अधिकाऱ्याच्या बचावासाठी संस्कृत भाषेत, राजप्रशस्तीच्या जुन्या साच्यात होत आहे. नागरी प्रशासनाची वाखाणणी करायला पंडितांच्या हाती दुसरा साचाच नव्हता. ज्याने रस्ते सुरक्षित केले त्याला ‘धर्मरक्षक’ म्हणावे लागले.

याच दशकात पुण्याचा कोतवाल घाशीराम होता. उत्तरेकडून आलेला हा ब्राह्मण १७९१ साली पुणेकरांच्या रोषाला बळी पडला, हे सर्वश्रुत आहे. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे ‘कोतवाल’ हा शब्द मराठी मनात सत्तेच्या विकृतीशी कायमचा जोडला गेला. उत्तरेचा माणूस पुण्यात कोतवाल आणि दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती असलेल्या काशीत मराठ्यांचा इतिहासकार न्यायाधीश, ही दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे एकाच पदाच्या स्मृती दोन भाषांत किती भिन्न दिशांना गेल्या, हे ध्यानात येते.

कोतवालाच्या खाली प्रत्यक्ष शहर चालवणारी जी यंत्रणा होती, ती मोहल्ल्याची. काशीच्या गल्ल्यांना फाटके असत, रात्री ती बंद होत, आणि चौकीदाराचा खर्च मोहल्ल्यातील रहिवासी आपसात वर्गणी काढून भागवत. या पद्धतीला ‘फाटकबंदी’ म्हणत. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ती नियमांत बसवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एक मूलभूत प्रश्न उभा राहिला : स्वतःच्या पैशाने स्वतःचे रक्षण करणाऱ्यांकडून सरकारने आणखी कर कशासाठी घ्यायचा? हा प्रश्न १८१० च्या अखेरीस रस्त्यावर आला. त्या वर्षीच्या पंधराव्या विनियमाने घरांवर कर बसवला गेला, आणि बनारसच्या लोकांनी दुकाने बंद करून शहराबाहेर मैदानात ठाण मांडले. लोहार, नावाडी, कारागीर यांच्या जातपंचायतींनी आपापल्या लोकांना शपथेने बांधून घेतले. धर्मपत्रे फिरवून घरटी एक माणूस बोलावला गेला. गांधीवादी संशोधक धर्मपाल यांनी १९७१ साली या प्रकरणाचे सरकारी कागद संपादित करून प्रसिद्ध केले, आणि सविनय प्रतिकाराची परंपरा विसाव्या शतकात आयात झालेली नाही, असे प्रतिपादन केले. त्यांचा हा निष्कर्ष वादासाठी खुला ठेवला, तरी मूळ अर्जातील युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. पूर्वीच्या सुलतानांनी महसूल घेतला तो जमिनीचा. प्रजेच्या वडिलोपार्जित राहत्या घरावर त्यांनी कधी हक्क सांगितला नाही, असे अर्जदार म्हणतात. ‘घर’ आणि ‘राज्य’ यांच्यामधील सीमारेषा इतक्या स्पष्टपणे आखणारा मजकूर त्या काळातील आपल्याकडच्या साहित्यात मला दुसरा आढळलेला नाही. कर अखेर मागे घेतला गेला. १८२४ मध्ये काशीला आलेल्या बिशप हीबरने ही कथा ऐकून आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवली, म्हणजे तेरा वर्षांनंतरही ती शहरात सांगितली जात होती.

त्या मानाने जेम्स प्रिन्सेपचे काम शांतपणे पार पडले. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. परंतु १८२० ते १८३० या दशकात तो बनारसच्या टांकसाळीत होता. १८२२ मध्ये त्याने शहराचा नकाशा तयार केला, पुढे खानेसुमारी केली, आणि कमानीचा भुयारी नाला खणून शहराच्या मध्यभागी साचणारे पाणी गंगेत सोडले. त्यात मत्स्योदरीचा तलाव आटला. ‘काशीखंडा’त ज्या मत्स्योदरी तीर्थाचे माहात्म्य सांगितले आहे, त्याच्या जागी विश्वेश्वरगंजाची धान्यपेठ उभी राहिली. मंदाकिनीचे ‘मैदागिन’ झाले आणि तिचे पाणी एका छोट्या कुंडापुरते उरले. दशाश्वमेधाकडे वाहणारा ओढा बुजून त्यावरून रस्ता गेला. तेथील गोदौलिया चौकाचे नाव ‘गोदावरी’वरून आले, असे सांगतात. काशीतील गोदावरी आज वाहनांच्या गर्दीचा चौक आहे, हे नाशिक-पैठणच्या वाचकाला ऐकून वाटेल ते वाटो. येथे मुद्दा असा, की स्थलपुराण आणि नगररचना हे एकाच भूमीवर लिहिलेले दोन मजकूर आहेत, आणि दुसरा लिहिताना पहिल्यातील शब्द खोडता आले नाहीत.

आता घाटांकडे वळू. अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बनारसच्या इतिहासात आधुनिक काशीच्या घडणीचे मोठे श्रेय मराठ्यांना दिले आहे, आणि नदीकडून पाहणाऱ्याला ते पटते. नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात वसवलेला ब्रह्माघाट-दुर्गाघाटाचा परिसर, पेशव्यांची, होळकरांची, शिंद्यांची, नागपूरकर भोसल्यांची बांधकामे, अमृतराव पेशव्यांचा गणेशघाट : ही यादी मराठी ग्रंथांत पुष्कळदा अभिमानाने दिली जाते. तिच्यातील एक गोष्ट मात्र अभिमानाच्या भरात निसटते. या सर्व दात्यांपैकी कोणाचीही काशीवर सत्ता नव्हती. काशी घ्यावी ही पेशव्यांची इच्छा पत्रांतून वारंवार प्रकट होते, पण ती कधी पुरी झाली नाही. १७४२ साली मल्हारराव होळकर गंगेच्या दोआबात असताना ज्ञानवापीची मशीद पाडण्याचा विचार निघाला, तेव्हा काशीतील ब्राह्मणांनीच भयभीत होऊन त्याला विरोध केल्याचे पेशवे दप्तरातील पत्रावरून दिसते. सैन्य निघून गेल्यावर नवाबाच्या अमलात येथे राहायचे होते ते त्यांना. म्हणजे मराठ्यांनी काशीत सार्वजनिक जागा निर्माण केल्या, त्या राजसत्तेविना, केवळ दानाच्या बळावर. आणि त्या दानाला देखभालीची कोणतीही सार्वजनिक यंत्रणा जोडलेली नव्हती. दाता दूर ग्वाल्हेरला वा नागपूरला, त्याचा कारकून घाटावरच्या वाड्यात, आणि नदी दरवर्षी पायऱ्या पोखरणारी. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला प्रचंड घाट आपल्याच भाराने खचला. तो सावरणे हे कोणाचे काम?

भिंत कोसळली तर दोषी कोण, हा प्रश्न भारतेंदूंनी १८८१ च्या ‘अंधेर नगरी’त विचारला आहे. ‘अंधेर नगरी चौपट राजा’ ही म्हण मराठीतही रूढ असल्याने आपण ते प्रहसन मूर्ख राजाची गोष्ट म्हणून वाचतो. त्याचा मध्यवर्ती प्रसंग मात्र काटेकोरपणे नागरी आहे. वाण्याची भिंत पडून बकरी मेली. दोष वाण्याकडून गवंड्याकडे, गवंड्याकडून चुनेवाल्याकडे, तेथून भिस्त्याकडे, खाटकाकडे, मेंढपाळाकडे असा सरकत सरकत शेवटी कोतवालापर्यंत येतो. शहरातील एका पडझडीची जबाबदारी ठरवताना सारे व्यवसाय एकापाठोपाठ एक साक्षीस उभे राहतात आणि कोणावरच ती टिकत नाही. हे प्रहसन काशीतील एका नाट्यमंडळीसाठी लिहिले गेले, आणि त्याचा कर्ता काही काळ शहराचा मानद दंडाधिकारी व नगरपालिकेचा सदस्य होता. एवढे लक्षात ठेवून वाचले, तर मूर्ख राजापेक्षा जबाबदारीच्या या साखळीकडे आपले लक्ष जाईल.

काशीची नगरपालिका १८६० च्या दशकात स्थापन झाली. रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर वायव्य प्रांत व अवध यांसाठी १८८३ चा पंधरावा कायदा आला आणि निवडणुकांचे तत्त्व विस्तारले. परंतु अध्यक्षपद व्यवहारात जिल्हा दंडाधिकाऱ्याकडेच राहत असे. तुलनेसाठी वेल्समधील कार्नार्व्हनचे उदाहरण उद्‌बोधक आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८४ साली त्या किल्ल्याच्या गावाला सनद दिली, तेव्हा किल्लेदार हाच पदसिद्ध महापौर ठरवला गेला आणि वेल्श लोक नागरिकत्वाच्या बाहेर ठेवले गेले. जिंकलेल्या प्रदेशात ‘स्वशासन’ रुजवताना जेता स्वतःच अध्यक्षस्थानी बसतो, ही रीत बनारसच्या आधी सहा शतके ब्रिटनमध्येच आजमावलेली होती. फरक एवढाच, की कार्नार्व्हन नव्याने वसवलेले होते. काशीत प्रत्येक जागी आधीच कोणीतरी बसलेले होते.

लोकांनी या नव्या संस्थेला तिच्या नावाने हाक मारली नाही. तिचे मुख्य उत्पन्न जकातीचे, म्हणून ती ‘चुंगी’ झाली; तिच्या शाळा चुंगीच्या शाळा झाल्या. पाण्याचे नळ आले ते ‘जलकल’ झाले. या जलकलीची कथा मात्र सरळ नाही. नळाचे पाणी आणि भुयारी गटारे यांची मागणी शहरातूनही होत होती. गंगेची स्वच्छता हा हेतू ठेवून १८८६ साली ‘काशी गंगाप्रसादिनी सभा’ स्थापन झाली होती. परंतु भदैनी येथे पाणी खेचण्याच्या केंद्रासाठी घेतलेल्या जागेत एक राममंदिर आले. ते पाडले जाणार अशी वार्ता पसरली आणि १५ एप्रिल १८९१ रोजी जमावाने जलकलीची यंत्रसामग्री मोडली, तारा तोडल्या. धान्याची महागाई आणि पाणीपट्टीची धास्ती ही कारणेही त्यामागे होती. सनातनी अज्ञान विरुद्ध आधुनिक आरोग्य, अशी या घटनेची मांडणी तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांना सोयीची होती. आपण तिच्यावर समाधान मानू नये. गंगा निर्मळ राखावी म्हणणारी सभा आणि मंदिरासाठी धावलेला जमाव हे एकाच शहराचे, बहुधा एकाच मोहल्ल्यांचे लोक होते. जागा घेताना त्यांना विचारण्याची जी व्यवस्था फाटकबंदीच्या काळात मोहल्ल्यात होती, ती नगरपालिकेच्या सभागृहात आलेली नव्हती. १८९२ मध्ये पाणी सुरू झाले.

१९१६ च्या संयुक्त प्रांत नगरपालिका कायद्याने बिगरसरकारी अध्यक्षाचा मार्ग मोकळा केला, आणि त्याच वेळी मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघही आणले. प्रेमचंदांनी ‘बाज़ार-ए-हुस्न’ लिहिली ती नेमकी याच सुमारास. तिचे हिंदी रूप ‘सेवासदन’ आधी, १९१८-१९ मध्ये, प्रसिद्ध झाले. सुमन या नायिकेच्या अधःपाताची व उद्धाराची कथा म्हणून ही कादंबरी शिकवली जाते. तिचा मोठा भाग मात्र काशीच्या नगरपालिकेच्या सभासदांच्या बैठकांनी व्यापलेला आहे. वेश्यांना दालमंडीसारख्या मध्यवर्ती भागातून हलवावे, असा प्रस्ताव पद्मसिंह हा वकील-सभासद आणतो. मुसलमान सभासदांत काहींना त्यात आपल्या समाजाची संख्या घटवण्याचा डाव दिसतो. हिंदू शेठजींना आपल्या माड्यांचे भाडे बुडण्याची चिंता. नैतिक प्रश्न समितीत जाताच मतांचे गणित होतो आणि दुरुस्त्यांसह बाहेर येतो, ही प्रक्रिया प्रेमचंदांनी संयमाने दाखवली आहे. त्यामुळे कादंबरी सैल झाली अशी तक्रार होत आली आहे. माझ्या मते कादंबरीचे खरे नावीन्य तेथेच आहे : नव्या कायद्याने निर्माण केलेला ‘सभासद’ हा मनुष्यप्रकार आपल्याकडच्या कादंबरीत इतक्या लवकर आणि इतक्या तपशिलाने क्वचितच आला असेल. ज्या स्त्रियांविषयी हा ठराव आहे, त्यांना सभागृहात मत नाही, हेही वाचकाला सांगावे लागत नाही.

१९२३ ते १९२५ या काळात तत्त्वचिंतक डॉ. भगवानदास नगरपालिकेचे अध्यक्ष होते. याच वर्षांत शहराची वाचा घडवत होते ते ‘आज’ हे १९२० साली शिवप्रसाद गुप्त यांनी सुरू केलेले दैनिक, आणि त्याचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर. काशीत जन्मलेले हे महाराष्ट्रीय गृहस्थ हिंदी पत्रकारितेचे पितामह मानले जातात. ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’, ‘सर्वश्री’ यांसारखे शब्द हिंदीत रुळवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. ज्या दक्षिणी समाजाचा ‘कोतवाल’ भारतेंदूंनी पन्नास वर्षांपूर्वी थट्टेने रंगवला, त्याच समाजातला एक माणूस आता हिंदीभाषक नागरिकाला सार्वजनिक व्यवहाराची परिभाषा पुरवत होता.

स्वातंत्र्यानंतर नावे भराभर बदलली. २४ मे १९५६ रोजी बनारसचे अधिकृत नाव वाराणसी झाले. १९५९ च्या अधिनियमाने कानपूर, आग्रा, वाराणसी, अलाहाबाद आणि लखनौ या पाच शहरांना नगर महापालिका मिळाल्या. या दोन्ही वेळी राज्याचे मुख्यमंत्री काशीचेच डॉ. संपूर्णानंद होते. कायद्याची हिंदी मुद्दाम घडवलेली होती : महापौर नव्हे तर ‘नगर प्रमुख’, आयुक्त नव्हे तर ‘मुख्य नगर अधिकारी’. मराठीत सावरकरांच्या नावे सांगितला जाणारा ‘महापौर’ हा शब्द पुढच्या दुरुस्त्यांनंतर तेथील व्यवहारात स्थिरावला. शब्द जसे भारदस्त होत गेले तसे हातातले काम मात्र कमी होत गेले. १९७० च्या दशकात विकास प्राधिकरणाने नगररचना नेली, जलसंस्थानाने पाणी नेले. निवडणुका दीर्घकाळ झाल्याच नाहीत आणि कारभार प्रशासकाकडे राहिला. १९८६ साली गंगा कृती योजनेचा आरंभ याच शहरात, राजेंद्रप्रसाद घाटावर झाला. पण तिची सूत्रे दिल्ली आणि लखनौकडे होती. ७४ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, नगरांना घटनात्मक स्थान मिळाले आणि महापालिकेचा ‘नगर निगम’ झाला. पुढे २०१८ च्या अधिनियमाने मंदिरपरिसरासाठी ‘श्री काशी विश्वनाथ विशिष्ट क्षेत्र विकास परिषद’ ही आणखी एक स्वतंत्र संस्था निर्माण झाली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये गंगेपासून मंदिरापर्यंतचा नवा मार्ग खुला झाला. त्यासाठी जुन्या गल्ल्यांतील अनेक घरे संपादित केली गेली. या आवारात अहल्याबाईंचा पुतळा आहे. मोहल्ला, फाटक, गल्ली हे शब्द त्या आवाराच्या नियमावलीत येत नाहीत.

काशीच्या मराठी वाड्यांतील कागद आजवर आपण धर्मशास्त्राच्या आणि वंशावळींच्या दृष्टीने चाळले. १६५७ साली मुक्तिमंडपात भरलेल्या पंडितसभेने कोकणातील देवरुख्यांच्या प्रश्नावर दिलेले निर्णयपत्र आपण जातिइतिहासाचे साधन मानतो. दूरच्या प्रदेशासाठी निवाडा देणारी, सह्यांनी बांधली गेलेली सभा म्हणून ते संस्थेच्या इतिहासाचेही साधन आहे. मोतीचंद्र यांनी १९६२ च्या ‘काशी का इतिहास’ या ग्रंथात पेशवे दप्तरातील पत्रांचा मुबलक उपयोग करून याची वाट दाखवली. घाटांची दुरुस्ती, अन्नछत्रांचे हिशेब, यात्रेकरूंवरील कराच्या माफीसाठी केलेली विनवणी, चौकीदाराची वर्गणी यांविषयीचा मजकूर अशा पत्रांतून पुण्याच्या राजकारणाच्या ओळींमध्ये दडलेला असतो, आणि संपादक पुष्कळदा तो ‘किरकोळ’ या सदरात टाकतात.

कोतवाली ठाणे आजही काळभैरवाच्या मंदिराजवळच आहे. तेथील मुख्य अधिकाऱ्याची खुर्ची काळभैरवासाठी राखलेली असते आणि नेमणुकीवर आलेला अधिकारी शेजारच्या खुर्चीत बसतो, असे सांगितले जाते.